दर गुरुवारी जोते बंद राहील

चालत असलेल्या वस्तूकडे कुणी पाहत नाही, आणि पाहू नये अशीच निसर्गाची योजना आहे. गुडघा दुखेपर्यंत आपल्याला गुडघा आहे याची माणसाला आठवण नसते. दुखू लागला की तो गुडघ्याविषयी अनोळखी पाहुण्यांशीही बोलतो. यावरून व्यवस्थापनशास्त्राने असा सिद्धांत काढला आहे की, दुखणारा अवयव महत्त्वाचा आणि न दुखणारा जादा. मळवली स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या ‘कातळ इंटरॅक्टिव्ह’ या कंपनीत हा सिद्धांत फार निष्ठेने पाळला जातो. शहिस्ता तांबोळी ही त्या कंपनीचा न दुखणारा अवयव होती.

कंपनी एका बंगल्यात आहे. मूळ मालकाने तो सुट्टीसाठी बांधला, दोनदा येऊन राहिला आणि विकून टाकला. बंगल्याबरोबर पोहण्याचा तलाव, मोगऱ्याचा वेल, छपरावरची माकडे आणि राखणदार दस्तगीरचाचा इतक्या गोष्टी कंपनीकडे आल्या. (विक्रीखतात चाचांचा उल्लेख नव्हता. माकडांचाही नव्हता.) कंपनीने तलावातले पाणी काढून तिथे बैठकीची जागा केली. कनिष्ठ कर्मचारी उथळ बाजूला बसतात, वरिष्ठ खोल बाजूला, आणि बढती मिळाली की माणूस उतारावरून खुर्ची घेऊन खाली सरकतो. पावसाळ्यात तलाव आपोआप भरतो आणि बैठका बंद पडतात. त्याच चार महिन्यांत कंपनीचे सर्वाधिक काम होते, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही.

कंपनी काय करते ते सांगणे भाग आहे. संगणकावरचे बहुतेक खेळ एका ठरावीक प्रणालीसाठी बनवले जातात. लिनक्स नावाची दुसरी प्रणाली फुकट मिळते, आणि फुकट मिळालेली वस्तू जो तो आपल्या मनाप्रमाणे बदलून घेतो. त्यामुळे एकाच्या संगणकातली लिनक्स दुसऱ्याच्या संगणकातल्या लिनक्ससारखी असेलच असे नाही. कुठे काळी माती, कुठे मुरूम, कुठे नुसता चिखल. अशा जमिनीवर खेळ उभा करायचा, तर आधी खाली एक पक्के जोते बांधावे लागते. धंद्यात त्याला रनटाइम म्हणतात. कातळने आपल्या रनटाइमचे नावच ‘जोते’ ठेवले आहे. खेळणाऱ्याला खेळ दिसतो, जोते दिसत नाही. दिसले तर काहीतरी चुकलेले असते.

हे जोते शहिस्ताच्या ताब्यात आले तेव्हा त्याची अवस्था लग्न उरकल्यानंतरच्या मांडवासारखी होती. आवाज काढण्याचे एकच काम करणाऱ्या सात लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे होते, कारण नव्याने येणारा प्रत्येक माणूस जुनीला हात लावायला नको म्हणून एक नवी आणून ठेवी. जगात आता कुणाकडेच नसलेल्या एका जॉयस्टिकची व्यवस्था होती. एका ठिकाणी ‘तात्पुरते’ असा शेरा होता; तो लिहिणारा मनुष्य कंपनी सोडून कॅनडाला जाऊन तिथूनही परत आला होता. आणि एका फायलीच्या माथ्यावर लिहिले होते, ‘हे काढू नये. का, ते विचारू नये.’

शहिस्ता विचारीत असे. लोणावळ्याहून सकाळी यायचे, चहा घ्यायचा आणि जोत्याच्या कोडातली एक ओळ काढायची. मग जोत्यावर चालणारे सगळे खेळ एकेक करून चालवून पाहायचे. सगळे चालले तर ती ओळ मेली, नाही तर परत जागेवर. शहिस्ताची खरी परीक्षा ‘कासरा’ या खेळाने घेतली. कासरा हा बैलगाडा शर्यतीचा खेळ, आणि तो मावळात किती खेळला जातो हे सांगून मावळातल्या लोकांच्या कामाचे वाभाडे काढण्याची इच्छा नाही. त्याच्यासाठी कुणीतरी जोत्यात एक क्षणभराचा थांबा घालून ठेवला होता. शहिस्ताने थांबा काढला, तर बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरच, बसले. निशाण पडले, गाडीवान ओरडला, पण बैल काही उठेनात.

दुसऱ्या कुणीही थांबा परत घातला असता आणि वर ‘काढू नये’ असे लिहून जेवायला गेला असता. शहिस्ता त्या बसलेल्या बैलांकडे बरेच दिवस पाहत राहिली. शेवटी उलगडा झाला. खेळ सुरू होताना जोत्याकडे वेळ विचारी, जोत्याचे घड्याळ त्या वेळी तयार झालेले नसे, आणि ती उणीव झाकायला थांबा होता. तिने घड्याळ आधी तयार केले. बैल उठले आणि असे पळाले की शर्यतीचा विक्रम मोडला. खेळणाऱ्यांना वाटले, आपला हात बसला.

अशा रीतीने सहा वर्षांत जोते स्वच्छ झाले, आणि एके दिवशी जोत्याविषयीच्या तक्रारी शून्यावर आल्या. इथून शहिस्ताच्या अडचणींना सुरुवात झाली.

शेजारच्या खोलीत सत्यमचा ‘पडदा’ विभाग होता. खेळ निवडण्यासाठी जी रंगीत पाटी समोर येते ती सत्यमची. ती दर आठवड्याला नवी होई आणि दर आठवड्याला मोडे. मोडली की सत्यम डोळे लाल होईपर्यंत बसून ती दुरुस्त करी आणि सगळ्या ग्राहकांना हात जोडलेला निरोप पाठवी. त्याला ‘संकटमोचक’ हा फिरता पुरस्कार इतक्या वेळा मिळाला होता की तो फिरायचा थांबला होता. सत्यम बिघाड मुद्दाम करतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला ते सहज जमत.

दिवाळी झाल्यावर तलावात बैठक भरली. मधूनमधून पाहणीला येणाऱ्या कार्यसंस्कृती-प्रमुख प्रेरणा मॅडम सर्वांत खोल जागी, निचऱ्याच्या जाळीशेजारी बसल्या होत्या.

“शहिस्ता, या तिमाहीत जोत्याच्या तक्रारी किती?”

“एकही नाही, मॅडम.”

“मागच्या?”

“एकही नाही.”

“मग तू दिवसभर करतेस काय?”

“तेच करते, मॅडम.”

उथळ बाजूला कुणीतरी हसले. तलावात हसणे घुमते, त्यामुळे ते बराच वेळ हसल्यासारखे झाले.

“माझ्याकडे आज सकाळपासून चारशे आल्यात,” सत्यम म्हणाला. बारशाला आलेली माणसे मोजावीत तसा त्याचा चेहरा होता.

“बघ,” मॅडम म्हणाल्या. “याला म्हणतात लोकांशी नातं. तुझ्या कामाचा प्रभावच कुठे दिसत नाही गं. मार्चपर्यंत दिसला नाही, तर जोतं विभाग पडद्यात विलीन करावा लागेल. मग ते सत्यम बघेल.”

जोते विभाग म्हणजे शहिस्ता आणि तिची खुर्ची. विलीनीकरणाच्या योजनेत खुर्ची ठेवून घेण्याची तरतूद होती. नोकरी जाण्याची भीती शहिस्ताला होतीच, पण तिला खरे खटकले ते ‘सत्यम बघेल’ हे दोन शब्द. तिला डोळ्यांसमोर बैल बसलेले दिसले.

ती शिडीने तलावाबाहेर आली, तेव्हा दस्तगीरचाचा मोगऱ्याला पाणी घालत होते. ते तिच्या वडिलांचे लांबचे नातलग. किती लांबचे, याचा हिशेब दोघांनीही कधी केला नव्हता.

“काय गं, तोंड का पाडलंय? कोन काय बोललं का?”

तिने सांगितले. चाचांनी नळी खाली ठेवली.

“म्हंजी काम करतीस म्हणून काढत्यात?”

“काम दिसत नाही म्हणून.”

“मंग दाव की! आगं, जल्म गेला माझा बंगलं राखण्यात. मालक शनवारी यायचा आसला की सुक्रवारी येक नळ सैल करायचा. समदं चकाचक ठिवलं, तर मालक म्हनतो, ह्यो म्हातारा नुस्ता बसून खातो. नळ गळला की म्हनतो, दस्तगीर हाय म्हणून बंगला हाय.”

“आणि दुरुस्त कधी करायचा?”

“त्याच्या म्होरं! हातात पाना घ्याचा, वाईच घाम आनायचा, मंग घट्ट करायचा. या आळीतल्या समद्या बंगल्यांत आसंच चालतंय. तुला म्हणून सांगतो.”

शहिस्ताला काहीतरी आठवले. “चाचा, गणपतीच्या आधी मॅडम यायच्या होत्या, तेव्हा खालचा नळ…”

“त्यो मीच सैल केलता. आन् तू जाऊन घट्ट केलास! लय राग आलता मला. मॅडम आल्या, बगितलं, गेल्या. माझं नाव बी काढलं न्हाई.”

“ठिबकत होता हो. कानाला सहन होईना.”

“हितंच चुकतंय तुझं. लाइटवाल्यांकडं बघ. बेस्तरवारी बंद. समद्या तालुक्याला ठावं, आज तारंवर मानसं चढल्यात, काम चाललंय. बाकीचं सा दिस लाइट आसती, त्येचं कोन नाव काढतंय का?”

चाचांचा हा युक्तिवाद कोणत्याही व्यवस्थापन-महाविद्यालयात शिकवता येण्याजोगा आहे. (शिकवतही असतील, फी पाहता तसे वाटते.) शहिस्ताने आठवडाभर त्यावर विचार केला आणि मग आपल्या आयुष्यातला पहिला बिघाड करायला घेतला.

तो तिला करता येईना. वाईट कोड लिहायला बसली की हात आपोआप चांगले लिही. अखेर तिने बिघाडसुद्धा नीटच करायचा असे ठरवले. दर गुरुवारी सकाळी जोते थोडा वेळ बंद राहील. बंद पडण्यापूर्वी खेळणाऱ्याची शर्यत जिथल्या तिथे जपून ठेवली जाईल, बैलांना इजा होणार नाही. पडद्यावर पाटी येईल: ‘देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी जोते बंद आहे. सहकार्याबद्दल आभार.’ त्या वेळात कोणतीही देखभाल वा दुरुस्ती होणार नाही, कारण दुरुस्त करण्यासारखे काही नव्हतेच. मग जोते आपणहून सुरू होईल. हा बिघाड तिने सर्व खेळांवर तपासला. तो एकदाही चुकला नाही. कंपनीच्या इतिहासात इतका विश्वासार्ह भाग दुसरा नव्हता.

पहिल्याच गुरुवारी निरोप येऊ लागले. औंढ्याच्या कस्तुराबाई नावाच्या ग्राहक, ज्या कासरा खेळात तालुक्यात तिसऱ्या आहेत, त्यांनी आवाजी निरोप पाठवला: “तुमी लोक लय कष्ट घेता. बंद पडल्यावं बरं वाटलं, कोनतरी बघतंय आपल्याकडं.” ग्राहकांचे समाधान अठ्ठावीस टक्क्यांनी वाढले. (कशाच्या तुलनेत, हे विचारण्याची पद्धत नाही.) काहींनी जोते नावाची वस्तू आपल्या संगणकात आहे हे प्रथमच कळल्याचे नमूद करून, इतके दिवस ती चालवल्याबद्दल नव्हे, तर आज बंद केल्याबद्दल आभार मानले.

मार्चमध्ये शहिस्ता खुर्ची घेऊन तलावाच्या खोल बाजूला सरकली. संकटमोचक पुरस्कार, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला एक पाना, तिच्या टेबलावर आला. सत्यमने तिचे मनापासून अभिनंदन केले आणि “गुरुवारच का घेतला, सोमवारी इम्पॅक्ट जास्त आला असता,” असा सल्लाही दिला. तिच्या हाताखाली सात माणसे देण्यात आली. एवढ्या महत्त्वाच्या बिघाडाची देखभाल एका व्यक्तीवर सोपवणे जोखमीचे होते.

सात माणसे आली म्हणजे त्यांना काम हवे. एकाने पाटीचा रंग बदलण्याची सोय केली. एकीने परदेशातला गुरुवार आपल्या आधी येतो की नंतर याचा बंदोबस्त केला. एकाने पाटीवरील मजकुरासाठी आवाजाची लायब्ररी आणून ठेवली. पाटी बोलत नव्हती, पण पुढे बोलली तर अडायला नको. ओंकार नावाच्या उत्साही मुलाने असा मुद्दा मांडला की, गुरुवारी सण आला तर लोक घरी असतात, त्यांचा खेळ मोडू नये, सबब सणाच्या दिवशी बिघाडाला सुट्टी द्यावी. यासाठी त्याने सणांची यादी बाहेरून मागवण्याची व्यवस्था केली. यादी मिळाली नाही तर तो दिवस सणाचा समजावा, अशी उदार तरतूदही केली.

शहिस्ता आता ओळी काढत नव्हती. तिला बैठका होत्या. कधीमधी सायंकाळी ती जोते उघडून पाही आणि लगेच बंद करी, जसे आपण शेजाऱ्यांच्या घरातले भांडण ऐकू आले की खिडकी लावतो.

आणि मग एका गुरुवारी जोते बंद पडले नाही.

यादी बाहेरून आली नव्हती. ओंकारच्या तरतुदीनुसार सण उगवला. जोते सकाळभर विनातक्रार चालत राहिले आणि तक्रारींचा पाऊस पडला. पैसे परत मागणारे होते, चौकशी मागणारे होते. ‘तुम्ही देखभाल थांबवली आहे का?’ असे विचारणारे सर्वाधिक होते. नवलाख उंबऱ्याच्या इर्शादचा तर शहिस्ताला फोनच आला. तो जवळच्या कारखान्यात रात्रपाळी करतो.

“मॅडम, आज बंद का न्हाई पडलं?”

“काही प्रॉब्लेम आला का, भाऊ?”

“प्रॉब्लेम म्हंजे? रात्रपाळी करून येतो, बैल पळवतो. बेस्तरवारी तुमचं बंद पडलं की गप झोपतो. हप्त्यातली तेवढीच एक नीट झोप. आज बंदच पडंना, मी खेळतच बसलो. आता कामावं डुलक्या घेतल्या तर सुपरवायझरला तुमचा नंबर देऊ का?”

तातडीची बैठक झाली. “बिघाड बिघडलाय,” प्रेरणा मॅडम म्हणाल्या, “आणि तू इतकी शांत कशी?” सर्वानुमते ठरले की, मुख्य बिघाड न झाल्यास आपोआप होणारा एक पर्यायी बिघाड उभारावा आणि त्यासाठी आणखी तीन माणसे घ्यावीत. सत्यमने पर्यायी बिघाड आपल्या विभागात तयारच असल्याचे सांगितले.

बैठकीनंतर शहिस्ताने पर्यायी बिघाडाला जागा शोधण्यासाठी जोते उघडले, आणि या खेपेस बंद केले नाही. ‘गुरुवार’ आणि त्याची पिलावळ मिळून तिने सहा वर्षांत काढलेल्या कचऱ्यापेक्षा मोठी झाली होती. आवाजाच्या लायब्ऱ्या पुन्हा चार झाल्या होत्या. ओंकारच्या फायलीच्या माथ्यावर शेरा होता, ‘हे काढू नये. का, ते शहिस्ता मॅडमना विचारावे.’

तिने स्वतःला विचारले. उत्तर बरे आले नाही.

मग ती बसली आणि एकेक ओळ काढू लागली. रंग गेला, परदेशातला गुरुवार गेला, सण गेले, न बोलणाऱ्या पाटीचा आवाज गेला, आणि सर्वांत शेवटी तिचा स्वतःचा, एकदाही न चुकलेला बिघाड गेला. प्रत्येक ओळीनंतर सगळे खेळ चालवून पाहिले. बैल पळाले. नव्या आवृत्तीसोबत बदलांची जी माहिती द्यावी लागते, तिच्यात तिने एकच वाक्य लिहिले: ‘या आवृत्तीत वापरणाऱ्यास जाणवेल असे काहीही नाही.’ आणि ती आवृत्ती तिने सर्वांना पाठवून दिली.

दोन-तीन गुरुवार लोकांनी आरडाओरडा केला. नंतर ते विसरले. तक्रारी कमी होत होत शून्यावर आल्या.

पुढचे सर्व नियमानुसार झाले. जोते विभागाचा प्रभाव दिसत नसल्याचे तलावात पुन्हा नमूद करण्यात आले. सात माणसे पडद्यात गेली. चांदीचा पाना फिरता असल्यामुळे फिरून सत्यमकडे गेला. शहिस्ताला उथळ बाजूला निरोप देण्यात आला. जोते आता सत्यमकडे आहे, पण त्याच्या हातून त्याला धक्का लागण्याची भीती नाही, कारण ज्याची तक्रार येत नाही ते उघडून पाहण्याची त्याला सवय नाही. शहिस्ताने ते इतके नीट करून ठेवले होते की पुढची काही वर्षे तिची गरजच भासू नये. नोकरी टिकवण्याच्या दृष्टीने ही तिची सर्वांत गंभीर चूक होय.

फाटकाशी चाचा उभे होते.

“शेवटाला घट्टच केलास नळ.”

“ठिबकत होता, चाचा.”

“आता कुटं जानार?”

“बघू. कुठं ना कुठं काहीतरी ठिबकत असेलच.”

“आसंल,” चाचा म्हणाले. “पर जाता जाता हितल्या खालच्या नळाला हात लावू नगंस. सोमवारी मॅडम यायच्यात.”

तिने मान डोलावली आणि वाट धरली. ती स्टेशनाच्या रस्त्याला लागल्यावर चाचांनी संशय येऊन मागच्या अंगणात जाऊन पाहिले. नळ घट्ट होता.

जोते आजही चालू आहे. तुमच्या घरी कुणी बैल पळवत असेल, तर ते त्याच्यावरच पळत आहेत. ते नीट पळाल्याबद्दल तुम्ही कंपनीला काही कळवलेले नाही. बरोबरच आहे, कळवण्यासारखे काय होते? फक्त एवढे लक्षात असू द्या, की शहिस्ताला काढले त्या दिवशी तलावात ‘ग्राहकांचा कौल’ म्हणून जे शून्य मोजले गेले, ते तुमचेच होते. हात वर करायचीही तसदी तुम्हाला पडली नाही.

सहकार्याबद्दल आभार.